बार्सिलोनाहून क्रूझ, सोबत दोन मोठी मुलं : जहाजाआधीचे चार दिवस कसे आखावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याहून चौघं निघताय. मुलगी सोळाची, मुलगा तेराचा. मे अखेरीस बार्सिलोनाहून सात रात्रींची क्रूझ आहे आणि वाटेत मार्सेय, जेनोवा, रोमसाठी चिवितावेक्या आणि पाल्मा ही बंदरं लागतात. बुधवारी दुपारी पोचताय, रविवारी जहाज सुटतंय. म्हणजे शहरात चार रात्री. मिस्टरांच्या यादीत सग्रादा फमिलिया, पार्क ग्वेल, मोन्सेरातचा डोंगरावरचा मठ, जिरोना, फिगेरेसचं चित्रकार दालींचं संग्रहालय आणि पोर्टअव्हेंचुराचं मनोरंजन उद्यान, सगळंच आहे. मुलांना फुटबॉलचं मैदान आणि समुद्र हवाय, आणि सकाळी कोणी उठवायला नकोय. यातून मार्ग कसा काढायचा, हॉटेल कुठे घ्यायचं आणि बंदरावर कसं पोचायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी सोळा वर्षं कुटुंबांच्या युरोप सहली आखतेय. बार्सिलोनाला स्वतःच्या मुलांना घेऊन दोनदा गेले, तेव्हा धाकटा चौदाचा होता. त्यामुळे हे उत्तर थोडं लांबेल.

आधी एक गोष्ट पक्की करा. हे चार दिवस सगळ्यात आधी जहाज चुकू नये म्हणून आहेत, फिरणं त्यानंतर. आमच्या पहिल्या क्रूझला मी हेच उलटं धरलं होतं. हॉटेलचा एक दिवस वाचवायचा म्हणून जहाजाच्या दिवशी सकाळी पोचणारं विमान घेतलं. मधल्या विमानतळावर पहिलं विमानच तीन तास उशिरा उतरलं, पुढचं सुटून गेलं, आणि आम्ही बंदरावर पोचलो तोवर चेक-इनचा काउंटर बंद झाला होता. जहाज समोर उभं दिसत होतं. धाकटा बॅगेवर बसून त्याच्याकडे बघत होता, एक शब्द बोलत नव्हता. प्रवाशांची यादी जहाज सुटायच्या साधारण तास-दीड तास आधी बंद होते, त्यानंतर कोणाला आत घेत नाहीत. पुढच्या बंदरावर स्वखर्चाने जाऊन आम्ही जहाज गाठलं. तेव्हापासून मी कोणालाही दोन रात्रींपेक्षा कमी वेळ देत नाही. तुमच्या चार रात्री आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. बॅग एखाद-दुसऱ्या दिवसाने मागून आली तरी जहाजाआधी हातात पडेल.

पण चार रात्री म्हणजे चार दिवस नव्हेत. बुधवारी दुपारी उतरून हॉटेलवर पोचेपर्यंत संध्याकाळ होईल. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिरताना बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झालीय, त्यामुळे इमिग्रेशनची रांग मोठी असू शकते. रविवार जहाजाचा. राहिले गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मिस्टरांची यादी या तीन दिवसांत बसणार नाही आणि बसवूही नका. शहरासाठी दोन दिवस, बाहेरगावासाठी एक. तो बाहेरचा दिवस गुरुवार किंवा शुक्रवार असू दे, शनिवार मुळीच नको. जहाजाच्या आदल्या दिवशी शंभर किलोमीटर लांब असताना रेल्वेचा संप झाला किंवा कोणाचा पाय मुरगळला, तर सावरायला वेळ उरत नाही.

व्हिसाचं चटकन सांगते. तुमची सगळी बंदरं शेंगेनमधली, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातली आहेत, म्हणून अडचण नाही. मात्र बुकिंग बदलून ट्युनिशिया, तुर्कस्तान किंवा मॉन्टेनेग्रोचं बंदर असलेली क्रूझ घेतलीत, तर मल्टिपल एंट्रीचाच व्हिसा लागेल. नाहीतर जहाज शेंगेनबाहेर गेल्यावर परत आत येता येत नाही. अर्जासोबत क्रूझचं कन्फर्मेशन, हॉटेलचं बुकिंग आणि किमान तीस हजार युरोंचं कव्हर असलेला प्रवास विमा जोडा. मुलं बारा वर्षांवरची असल्याने दोघांनाही पूर्ण फी आणि बोटांचे ठसे आलेच. अठराच्या आतल्या मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या सुट्टीत सगळा महाराष्ट्र निघतो आणि अपॉइंटमेंट मिळत नाहीत, म्हणून मी लोकांना जानेवारीतच कामाला लावते.

आता हॉटेल. रांब्ला हा तिथला सगळ्यात प्रसिद्ध रस्ता, पण त्यावर राहू नका. रात्रभर गोंगाट असतो आणि खिसेकापूंचा वावरही तिथेच जास्त. एशाम्प्ला भागात, पासेज दे ग्रासियाच्या आसपास बघा. एकोणिसाव्या शतकात इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने आखलेला हा चौकोनी भाग आहे. प्रत्येक चौकाचे कोपरे तिरपे कापलेले आहेत, त्यामुळे नकाशा बघायची सवय लागली की मुलं इथे एकटीही चुकत नाहीत. मोठ्या मुलांच्या बाबतीत मला हे फार महत्त्वाचं वाटतं. खालच्या बेकरीतून ब्रेड आणायला त्यांना एकटं पाठवता आलं पाहिजे. दुसरा पर्याय पोब्ले सेक. थोडा स्वस्त, बंदराला जवळ.

चौघांची एक खोली मिळेल असं धरून चालू नका. स्पेनमध्ये खोलीत किती माणसं याचे नियम कडक आहेत, आणि तेरा-सोळाच्या मुलांना बरीच हॉटेलं मोठ्या माणसांतच धरतात. दोन जोडखोल्या, म्हणजे मधून दार असलेल्या, मागून घ्या आणि लेखी घ्या. फ्लॅट भाड्याने घेणार असाल तर जाहिरातीत 'एचयूटीबी'ने सुरू होणारा परवाना क्रमांक आहे ना, ते बघा. नगरपालिकेने २०२८ अखेर पर्यटकांच्या फ्लॅटचे सगळे परवाने बंद करायचं ठरवलंय, त्यामुळे बिनपरवाना जागांवर कारवाई चालू असते. हॉटेलच्या बिलात माणशी, रात्रीमागे पर्यटन कर लागेल. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना तो माफ आहे, त्यामुळे तुमच्या दोघांचाही वाचेल. चेक-इनलाच मुलांचे पासपोर्ट दाखवून खात्री करून घ्या.

घड्याळाकडे येते, कारण सगळी आखणी त्यावर बसते. उन्हाळ्यात स्पेन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथले सकाळचे सहा म्हणजे आपल्या शरीराचे साडेनऊ. जी मुलं घरी अकराला उठतात, तीही पहिले दोन दिवस पहाटे टक्क जागी होतात. उलट रात्री आठला त्यांचे डोळे मिटायला लागतात, आणि तिथली स्वयंपाकघरं तर साडेआठशिवाय उघडत नाहीत. दुपारी चार ते आठ बहुतेक ठिकाणी नीट जेवण मिळतच नाही. मेअखेर सूर्य नऊच्या पुढे मावळतो, म्हणून मोठ्यांना वाटतं अजून संध्याकाळच आहे. आणि मुलं भुकेने आणि झोपेने चिडलेली. पहिल्या रात्रीची भांडणं मी यातूनच झालेली बघितली आहेत. उपाय सोपा आहे. दुपारचं जेवण मुख्य करा, दीड-दोन वाजता. आठवड्याच्या दिवसांत बहुतेक उपाहारगृहांत 'मेनू देल दीया' असतो. दोन पदार्थ, गोड, पाव आणि पेय, सगळं ठरलेल्या दरात. संध्याकाळी सहाला टपास, फळं, चुरोस असं हलकं काहीतरी. पहाटेच्या जागेपणाचा फायदा पार्क ग्वेलला उचला, उघडता उघडता आत शिरा. साडेअकरापर्यंत तिथला तो टाइल्सने मढवलेला पालीचा पुतळा शंभर लोकांनी वेढलेला असतो.

गुरुवार सकाळ पार्क ग्वेल, दुपार सग्रादा फमिलिया. मुद्दाम दुपार म्हणते, कारण उजेड. या चर्चच्या पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या आणि पश्चिमेकडच्या लाल-नारिंगी आहेत. सकाळी आत थंड निळा उजेड पडतो, आणि साडेचार-पाचनंतर पश्चिमेचं ऊन त्या लाल काचांतून शिरतं. माझा धाकटा चर्च म्हटल्यावर तोंड वाकडं करून आत आला होता. आत खांब झाडांसारखे वर जाऊन फांद्या फुटल्यासारखे पसरतात. तो एका खांबाला टेकून उभा राहिला, पांढऱ्या टी-शर्टची एक बाही नारिंगी झाली, आणि तो हळूहळू सरकत हात पुढेमागे करून बघायला लागला, रंग कुठे बदलतो ते. पंधरा मिनिटं आम्ही तिथेच. मी काही सांगितलं नाही, ऑडिओ गाइडही कानातून काढून ठेवला.

बाहेर आल्यावर मात्र मुलांना गोष्ट सांगा. १८८२ मध्ये काम सुरू झालं, पुढच्याच वर्षी ते अंतोनी गाउदी या वास्तुकाराकडे आलं. ७ जून १९२६ ला तो ट्रामखाली सापडला, आणि फाटक्या कपड्यांमुळे लोकांनी त्याला भिकारी समजून आधी ओळखलंच नाही. तीन दिवसांनी तो गेला. त्याला याच चर्चच्या तळघरात पुरलंय. मधल्या मनोऱ्याची उंची त्याने १७२.५ मीटर ठरवली होती. शेजारच्या मोंजुइक टेकडीपेक्षा थोडी कमी, माणसाचं काम देवाच्या कामापेक्षा उंच नको म्हणून. ऑक्टोबर २०२५ मध्ये या चर्चने जर्मनीतल्या उल्मच्या चर्चला उंचीत मागे टाकलं. आता ते जगातलं सर्वांत उंच चर्च आहे.

तिकिटं फक्त ऑनलाइन आणि वेळेप्रमाणे मिळतात. मनोऱ्याचं तिकीट वेगळं असतं आणि ते आधी संपतं. वर लिफ्टने जाता येतं, उतरताना मात्र अरुंद गोल जिना, शंखासारखा. मुलांना हेच आवडतं. गुडघे दुखत असतील तर तुम्ही खाली थांबा. खांदे झाकलेले हवेत आणि शॉर्ट्स फार आखूड नकोत, नाहीतर दारातच थांबवतात. तीस वर्षांखालच्यांना तिकिटात सवलत असते, वयाचा पुरावा जवळ ठेवा. पार्क ग्वेलचीही वेळ आधीच घेऊन ठेवा. मेट्रोच्या लेसेप्स स्टेशनवरून चढ बऱ्यापैकी आहे. पहाटेच्या गारव्यात चालायला काही वाटत नाही.

आता बाहेरचा दिवस. यादीतलं एकच ठिकाण निवडायचंय, आणि ते मुलांनी निवडू दे. त्यांना नुसतं "कुठे जायचं?" विचारू नका. फोन हातात द्या आणि सांगा, गाडी कुठून सुटते, किती वेळ लागतो, परतीची शेवटची गाडी कधी, तिकीट किती, जेवायचं कुठे, हे सगळं शोधा आणि रविवारी घरी जेवताना मांडा. सोळाच्या मुलीला हे उत्तम जमतं. तिने आखलेल्या दिवशी ती कुरकुरत नाही, भावालाही कुरकुरू देत नाही. पर्यायांबद्दल माझं मत मात्र सांगते.

पोर्टअव्हेंचुरा सालोउजवळ आहे, रेल्वेने सव्वा ते दीड तास. तिथल्या शंभाला या रोलर कोस्टरची उंची ७६ मीटर, आणि शेजारच्या फेरारी लँडमधला रेड फोर्स ११२ मीटर उंच, ताशी १८० किलोमीटरचा. मुलं भारावून जातील हे खरं. पण पूर्ण दिवस जातो आणि रात्री सगळे थकून परत येतात. तुमच्या जहाजावर स्लाइड्स, पूल, मुलांचा क्लब असणारच आहे. म्हणून मी याला नाही म्हणेन. जहाजावर जे मिळणार नाही, ते जमिनीवर बघा.

फिगेरेसला वेगवान गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. साल्वादोर दालींनी स्वतः उभं केलेलं हे संग्रहालय १९७४ मध्ये उघडलं. छतावर पांढरी अंडी, अंगणात मोटार, आणि खुद्द दालींची कबर त्याच इमारतीत. तुमच्या मुलीला चित्रकलेची आवड असेल तर हे घ्या आणि येताना जिरोनाला तीन तास उतरा. जुन्या तटावरून चालत गावाला वळसा घालता येतो, खाली ओन्यार नदीच्या काठाने रंगीत घरं. सीझनबाहेर सोमवारी दालींचं संग्रहालय बहुधा बंद असतं, पण तुमचा प्रश्न गुरुवार-शुक्रवारचा आहे.

समुद्र हवा असेल तर सिट्जेस. लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत, आणि शहरातल्या बार्सेलोनेता किनाऱ्यापेक्षा शांत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तिथल्या किनाऱ्यांवर बायका कमरेच्या वर काही न घालता ऊन घेत बसलेल्या असतात. तिथे ही रोजची, साधी गोष्ट आहे. मुलांशी घरीच मोकळेपणाने बोलून घ्या आणि फोटो काढायचे नाहीत हे बजावून ठेवा. मेमध्ये पाणी गारच असतं.

पण मला विचाराल तर मोन्सेरात. प्लासा एस्पान्याहून आर ५ गाडीने तासभर. मग दोन रस्ते. आएरी स्टेशनवर उतरलात तर १९३० पासून चालू असलेला केबलचा पाळणा पाच मिनिटांत वर नेतो. पुढच्या मोनिस्त्रोलला उतरलात तर दातेरी रुळांची छोटी गाडी सावकाश वळत चढते. तिकीट घेतानाच दोन्हीपैकी एक ठरवावं लागतं, खिडकीशी उभं राहून वाद घालू नका. उंचीची भीती असेल त्याने गाडी घ्यावी. मठ साधारण ७२० मीटरवर आहे. काळ्या मेरीची मूर्ती तिथे आहे, लोक तिला प्रेमाने 'मोरेनेता' म्हणतात, म्हणजे सावळी. आपल्या सावळ्या विठोबाला बघत मोठी झालेली माणसं तिथे जरा जास्तच वेळ उभी राहतात, हे मी दर वेळी बघते. मठातल्या मुलांचं समूहगान शुक्रवारी असतं का, ते आधी वेळापत्रकात बघून घ्या.

मुलांसाठी खरी गंमत मठाच्या वर आहे. सांत जोआनची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरी गाडी घ्या, वर जा, आणि उतरताना चालत या. तासाभरात मठापाशी येता. आमच्या धाकट्याने शाळेतून हरिश्चंद्रगड, राजमाची केलेलं. त्याने तिथल्या कातळावर हात ठेवला आणि म्हणाला, "आई, हा आपल्यासारखा नाही. हे काँक्रीट आहे." खरंच तसंच दिसतं ते. सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्हाचा, काळा, थरांचा. मोन्सेरात म्हणजे प्राचीन नद्यांनी समुद्राच्या मुखाशी आणून टाकलेले गोटे, एकमेकांना चिकटून दगड झालेले. तांबूस, गुलाबी गोटे उघड्या डोळ्यांनी मोजता येतात. मग झिजून झिजून त्याचे बोटांसारखे सुळके झालेत. पुढचा अख्खा उतार तो मोठ्या बहिणीला हेच समजावत होता. बूट चांगल्या पकडीचे घाला, माणशी लिटरभर पाणी घ्या, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मुलीच्या फोनवर नोंदवून ठेवा.

शुक्रवारी मोन्सेरात, म्हणजे शनिवार मोकळा. सकाळी उशिरापर्यंत झोपू दे, तोवर शरीराचं घड्याळही जुळलेलं असेल. मग फुटबॉल. कँप नोऊ या मैदानाची पुनर्बांधणी २०२३ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये बार्साचा संघ तिथे परत खेळायला लागला, तरी काम चालू असल्याने कुठल्या दिवशी नेमकं काय बघता येईल ते बदलत राहतं. तिकीट काढताना त्यात मैदान आहे की फक्त संग्रहालय, ते वाचून घ्या. मुलगा तेराचा आहे, मैदान न दिसता बाहेर आला तर दिवस खराब जाईल.

शनिवारी-रविवारी आणखी एक गोष्ट शोधा, आणि सापडली तर बाकीचं सोडून तिकडे जा. कास्तेल्स, म्हणजे माणसांचे मनोरे. तिथल्या गावागावांत यांची पथकं आहेत आणि २०१० मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद घेतली. त्यांचा मोसम साधारण वसंतापासून नोव्हेंबरपर्यंत. आम्ही एका छोट्या चौकात सहज उभे होतो. ढोल आणि सनईसारखं तीक्ष्ण वाजणारं 'ग्राल्या' सुरू झालं. खाली शेकडो माणसं एकमेकांच्या पाठीला छाती लावून घट्ट उभी राहिली, आपल्या गोविंदांच्या पहिल्या थरासारखीच. पांढऱ्या पँट, कमरेला लांब काळा पट्टा गुंडाळलेला. चढणारी माणसं अनवाणी, त्याच पट्ट्यात पायाची बोटं अडकवून वर जात होती, आणि शर्टाची कॉलर दातांत धरलेली, म्हणजे ती खांद्यावरून सरकत नाही. सगळ्यात वर हेल्मेट घातलेली सात-आठ वर्षांची मुलगी. तिने क्षणभर हात उचलला, एवढंच. हंडी नाही, काही फोडायचं नाही. माझा मोठा भाचा दादरच्या पथकात चौथ्या थरावर असतो, म्हणून आमच्या घरात थर म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. मनोरा सुखरूप खाली उतरेपर्यंत आमच्यापैकी कोणी श्वास सोडला नाही. उतरणं हेच अवघड, हे आम्हाला ठाऊक होतं. तिथल्या एका काकांनी मुलांना खालच्या गर्दीत उभं राहायला बोलावलं. पाहुण्यांनाही तळाशी हात लावू देतात.

खाण्याचं. शाकाहारी असाल तर एक शब्द लक्षात ठेवा. 'बोकादियो वेजेताल' म्हणजे भाज्यांचा सँडविच असं वाटतं, पण त्यात बहुधा टूना मासा आणि अंडं असतं. आमच्या ग्रुपमधल्या एका आजींना हे अर्धा खाल्ल्यावर कळलं, फार वाईट वाटलं मला. तेव्हापासून मी सगळ्यांना "सिन आतुन, सिन कार्ने, सिन ह्वेवो" हे तीन तुकडे पाठ करायला लावते. टूना नको, मांस नको, अंडं नको. निर्धास्त खाता येतील असे पदार्थ म्हणजे टोमॅटो घासलेला पाव, 'पा आम्ब तोमाकेत', भाजलेल्या वांग्या-मिरचीची 'एस्कालिवादा' (वर मासा ठेवत नाहीत ना, ते विचारा) आणि मीठ लावून तळलेल्या पाद्रोनच्या मिरच्या. त्यात एखादीच तिखट निघते. बटाट्याच्या 'तोर्तिया'त अंडं असतंच. भाताची आठवण आली तर रावाल भागात भारतीय-पाकिस्तानी दुकानं आणि खानावळी पुष्कळ आहेत. घरून थेपले, भाकरवडी, चटण्या न्या, पण पेढे-बर्फी नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. आणि घरचा डबा विमानात आणि हॉटेलवर संपवा. बहुतेक जहाजं घरी केलेलं अन्न आत नेऊ देत नाहीत, कंपनीचं सीलबंद पाकीट चालतं. इलेक्ट्रिक किटली, छोटी इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड, इंडक्शन, हे सगळं चढताना काढून घेतात. ठाण्यातच ठेवा.

चोऱ्यांबद्दल घाबरवत नाही, पण स्पष्ट सांगते. मोठ्या मुलांचा फोन हे या शहरातलं सगळ्यात सोपं लक्ष्य. मागच्या खिशात फोन ठेवायचा नाही, टेबलावर ठेवायचा नाही, मेट्रोच्या दाराजवळ उभं राहून हातात धरायचा नाही. दार बंद होता होता हिसकावतात आणि उतरतात. मनगटाला अडकवायची दोरी घ्या. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत, फोनमध्ये फोटो. जहाजाच्या आदल्या दिवशी पासपोर्ट गेला तर शनिवार-रविवारी दुसरा मिळणं कठीण. म्हणून हा नियम मोडू नका.

मेट्रोसाठी टी-फॅमिलियार तिकीट घ्या. त्यात आठ फेऱ्या असतात आणि चौघांनी मिळून वापरता येतात. टी-कॅजुअल एकाच माणसाचं असतं. यापैकी कुठलंही विमानतळाच्या मेट्रोला चालत नाही. विमानतळावरून चौघांच्या आठ बॅगा असतील तर काळी-पिवळी मोठी टॅक्सी मागा, साधीत मावत नाही.

रविवार सकाळ. तुमच्या तिकिटावर टर्मिनलचं नाव असेल, ते ड्रायव्हरला दाखवा, नुसतं "पोर्ट" म्हणू नका. मोठी जहाजं बहुतेक मोल आदोसात या धक्क्याला लागतात. ते पुलापलीकडे आहे, बॅगा घेऊन चालत जाण्यासारखं नाही. एशाम्प्लाहून टॅक्सीने वीसेक मिनिटं, आणि क्रूझ बंदराचा थोडा जादा आकार मीटरवर लागतो. काही जहाजं वर्ल्ड ट्रेड सेंटरला लागतात, ते रांब्लाच्या टोकाच्या कोलंबसच्या स्तंभाजवळच आहे. तिथूनच मोल आदोसातची बसही सुटते. जहाज संध्याकाळी पाच-सहाला सुटत असेल तर बारा-साडेबाराला पोचा.

बॅगांचे टॅग घरीच छापून, स्टेपल करून न्या. बंदरावर मोठ्या बॅगा हमालांच्या हाती जातात आणि केबिनच्या दाराशी संध्याकाळी येतात, कधीकधी जेवणानंतर. म्हणून पाठीवरच्या सॅकमध्ये पासपोर्ट, औषधं, चार्जर, आणि मुलांचे पोहण्याचे कपडे. हे शेवटचं कोणी सांगत नाही. दुपारी एकला पूल रिकामा असतो, नंतर आठवडाभर तसा मिळत नाही. आमची मुलं त्या दिवशी चढल्या चढल्या पाण्यात उतरली. वरून शहर दिसत होतं, मधोमध सग्रादा फमिलियाच्या क्रेन, आणि मागे उन्हात मोन्सेरातचे सुळके अंधुक.